माहा फोटो कायले? : बायांची पोर्ट्रेट्स मी कशी काढतो

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा एसटीत हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी.

मागच्या वेळेनंतर दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला, गावातल्या बाया तुम्हाला फोटोला 'हो' कशा म्हणतात? दुसरा, कॅमेरा कोणता? दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी. अर्धं काम जुन्या डीएसएलआरवर, अर्धं मोबाईलवर, आणि मोबाईल तुमच्या खिशात आहे तसाच. पहिल्याचं उत्तर लांब आहे. आजचा सगळा एपिसोड त्याच्यातच जाणार.

नवीन लोकांसाठी सांगतो, मी यवतमाळचा. पोट भरतं लग्नांवर, वाढदिवसांवर आणि हल्ली प्री-वेडिंगवर. पण दिवाळीनंतर लग्नाच्या तारखा सुरू व्हायच्या आधी जे दिवस मिळतात, त्यात मी कळंब, घाटंजी, केळापूर, दारव्हा या बाजूच्या गावांत बायांची पोर्ट्रेट्स काढत फिरतो. त्याचे पैसे कोणी देत नाही. कोणी सांगितलेलंही नाही.

आता यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यासमोर एक ठरलेला फोटो येतो. मातीच्या भिंतीपुढे बाई बसलेली. मांडीवर फ्रेम केलेला नवऱ्याचा फोटो, त्याला हार. बाईची नजर खाली किंवा सरळ लेन्समध्ये. शेतकरी आत्महत्यांच्या बातमीबरोबर हा फोटो गेली वीस वर्षं छापून येतोय. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्या काळात देशभरातले, परदेशातलेही कॅमेरे आपल्या गावांत येऊन गेले. २००८ मध्ये राहुल गांधींनी संसदेत जळक्याच्या कलावती बांदूरकरांचं नाव घेतलं, तेव्हा तर एका बाईचा चेहरा म्हणजेच सगळा जिल्हा झाला. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. ते फोटो काढणारेही वाईट लोक नव्हते. पण त्याचा गावात झालेला एक परिणाम मला दरवर्षी दिसतो.

मी घरात जातो, चहा होतो, मी बॅगची चेन उघडतो. एवढ्यात बाई उठते, खिळ्यावरची फ्रेम उतरवते, पदरानं काच पुसते आणि मांडीवर घेऊन बसते. मी काहीच बोललेलो नसतो. आधी आलेल्यांनी तसंच बसवलं होतं, त्यामुळे फोटोवाला आला की फ्रेम उतरवायची हे तिला पाठ झालंय.

मी म्हणतो, "ताई, त्यांना राहू द्या भिंतीवर. आज तुमचा काढू."

"माहा? माहा कायले?"

हा 'कायले' मी इतक्या घरांत ऐकलाय की आता तोच माझा पहिला प्रश्न झालाय. मी तो उलटा विचारतो. तुमचा फोटो काढला तर तो तुम्हाला कशाला उपयोगी पडेल? कोणाला पाठवाल? कुठे लावाल? माझ्या पोर्ट्रेटची सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे. लेन्स, प्रकाश, मागची भिंत हे सगळं त्याच्या उत्तरानंतर ठरतं.

उत्तरं ऐका. एकीला पुण्यात कंपनीत लागलेल्या पोराला पाठवायचा असतो, "बरी दिसली पाहिजे, नाहीतर काळजी करते." एकीला माहेरी द्यायचा असतो. एकीला बचत गटाच्या मीटिंगमधला हवा असतो, खुर्चीवर बसून, समोर रजिस्टर. आणि साठीच्या पुढची बाई असेल तर बहुतेक वेळा उत्तर एकच. "मी मेल्यावर लावाले."

हे ती हसत सांगते, बरं का. शहरातल्या माणसाला धक्का बसतो, पण यात रडण्यासारखं काही नाही. तिनं तिच्या सासूचा फोटो नसल्याचं पाहिलेलं असतं. कधी गावात गेलात तर भिंतीवरचे फोटो जवळून बघा. बरेचसे मतदार कार्डावरून किंवा पासबुकावरून मोठे केलेले असतात. डोळे फुटलेले, मागे निळा पडदा. पुरुष असेल तर स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर खाली कोट-टाय जोडून देतो. आयुष्यभर धोतर नेसलेला माणूस मेल्यावर टायमध्ये! बाईला तेवढंही नशिबात नाही, कारण तिचा मोठा करण्याजोगा फोटोच सापडत नाही. असतो तो लग्नातला, डोक्यावरून पदर, मान खाली.

म्हणून 'भिंतीवर लावायला' म्हणाली की मी तिच्या मताप्रमाणे चालतो. लुगडं कोणतं नेसायचं ते ती ठरवते. पेटीतून निघतं, घडीच्या रेघांसकट. ती ताठ बसते, हात मांडीवर, आणि हसत नाही. मी "हसा आजी" म्हणत नाही. भिंतीवरची माणसं हसत नसतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इन्स्टावर टाकला तर लोक म्हणतील किती स्टिफ आहे. म्हणू द्या. तो इन्स्टासाठी काढलेलाच नाही.

माझा नियम साधा आहे. आधी तिचा फोटो, मग माझा. तिला हवा तसा काढून, दाखवून, तिनं "हाव, हा बरा आहे" म्हटलं की मग मी विचारतो, आता मला एक आवडला तसा काढू का? या दोन फोटोंमध्ये फरक किती असतो ते कापसाच्या वावरात सर्वात जास्त कळतं. वेचणीला बाया लुगड्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं, कमरेला कापसाची ओटी. उन्हापासून आणि पऱ्हाटीच्या काड्यांपासून अंग वाचावं म्हणून. फोटोग्राफरच्या डोळ्याला हे फार भारी दिसतं. पांढरा कापूस, विटलेला शर्ट, उन्हानं रापलेला चेहरा. पण कॅमेरा दिसला की बाई पहिली म्हणते, "थांब भाऊ, शर्ट काढते." तिला त्या शर्टात दिसायचं नसतं. माझ्या ओळखीतले काही जण म्हणतात, 'नाही नाही, तसंच राहा, नॅचरल.' मी शर्ट काढू देतो. फडकं सोडून केसावर हात फिरवू देतो. तो फोटो झाला की तीच कित्येकदा म्हणते, आता कामाचाही काढ. नाही म्हणाली तर मला तो मिळत नाही, एवढंच.

आणखी एक. वेचणीची मजुरी किलोवर असते. मी तिला तासाच्या मध्ये दहा मिनिटं उभं केलं तर तेवढा कापूस कमी, म्हणजे तिचे पैसे कमी. म्हणून मी दुपारी डबे सुटतात तेव्हा, नाहीतर संध्याकाळी काट्यावर माप होतं तेव्हा काढतो. योगायोगानं प्रकाशही तेव्हाच चांगला. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात.

बायांचं काम दाखवणाऱ्या फोटोंना मी कमी लेखत नाही. पी. साईनाथ यांचं 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' हे प्रदर्शन कधी बघायला मिळालं तर बघाच. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले फोटो आहेत. बाई किती राबते आणि ते कोणाला कसं दिसत नाही, हे त्यात ठासून आहे. ते फोटो जगाला काहीतरी दाखवायला काढलेत, आणि ते गरजेचं आहे. मी जे करतो ते छोटं आहे. माझा फोटो पहिल्यांदा तिच्या घरी जातो.

आता नावाबद्दल. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात डोरोथिया लँज या फोटोग्राफर बाईनं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. दोन पोरं तिच्या खांद्यावर तोंड लपवून, तिचा हात गालाशी. 'मायग्रंट मदर' नावानं तो जगभर गेला. लँजनं तिला नाव विचारलं नव्हतं, हे लँजनंच पुढे लिहून ठेवलंय. ती बाई फ्लोरेन्स थॉम्पसन होती हे लोकांना कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, आणि तिचं म्हणणं असं होतं की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. शरबत गुला, ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, तिची गोष्टही तीच. १९८५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली आणि नाव कळलं २००२ मध्ये.

याच्या उलटं उदाहरण आपल्याकडचं आहे, आणि त्या दोघींपेक्षा कितीतरी जुनं. १८८५ चा ऑक्टोबर, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी त्यांच्या मेडिकल कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली यांच्याबरोबर बसल्यात. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. गुगलवर लगेच सापडेल. त्या फोटोत मला आवडतं ते हे, की खाली प्रत्येकीचं नाव आणि गाव-देश लिहिलेलं आहे. 'पूर्वेकडच्या तीन स्त्रिया' असं मोघम लिहून सोडलेलं नाही. अमेरिकेत तेव्हा आनंदीबाई म्हणजे नवलाईची वस्तू होती, तरी फोटोत ती माणूस म्हणून बसलेली आहे.

आपल्या जिल्ह्यातच बघायचं तर जानेवारी २०१९. यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, वाद पेटला, आणि शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या नवऱ्यानं २०११ मध्ये आत्महत्या केली होती. 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. त्या दिवशीचे त्यांचे फोटो शोधून बघा. माईकसमोर उभ्या आहेत, बोलतायत, मांडीवर फ्रेम नाही. बातमीच्या हेडिंगमध्ये 'शेतकऱ्याची विधवा' होतंच, पण फोटोत बोलणारी बाई होती. मला तो यवतमाळचा सगळ्यात चांगला पोर्ट्रेट वाटतो, आणि तो मी काढलेला नाही याचं जरा वाईटही वाटतं.

बरं, आता मोबाईलवाल्यांसाठी कामाचं.

टिनाच्या घरात आत अंधार असतो, बाहेर उजेड डोळ्यात घुसतो. दोन्ही वाईट. मधली जागा म्हणजे दार. बाईला उंबरठ्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसवा, तोंड दाराकडे. उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो आणि मागचं घर आपोआप काळोखात जातं, पसारा दिसत नाही. पसारा न दिसणं तिला फार महत्त्वाचं असतं. लिंबाच्या झाडाखाली सावली चांगली वाटते पण पानांतून उन्हाचे ठिपके पडतात, चेहरा चितकबरा होतो. त्यापेक्षा भिंतीची सावली घ्या.

उभ्यानं काढू नका. ती ओट्यावर बसली असेल तर तुम्ही खाली बसा. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक बाई बिचारी दिसते, हे एकदा करून बघाच. खूप जवळही जाऊ नका. मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते, जवळ गेलं की नाक मोठं होतं. पाच-सहा फूट मागे सरका आणि २एक्स लावा. अंतर राखलं की तीही सैल होते, अनोळखी पुरुष तोंडाजवळ आलेला कोणाला आवडेल? आणि हो, लेन्स पुसा. अर्धे 'कॅमेरा खराब आहे' वाले फोटो बोटाच्या तेलामुळे खराब असतात.

पोर्ट्रेट मोड मी बंद ठेवतो. बंजारा तांड्यावर ओढणीला आरसे असतात, कडेला झालर, कानाजवळ चांदीचे दागिने. मोबाईलला त्याची कडा कळत नाही, निम्मी ओढणी धूसर होऊन जाते. जी ओढणी तिनं महिनोन्महिने बसून भरली, ती तुम्ही एका सेकंदात पुसता. ब्युटी मोड तर पहिला बंद. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. कोलाम, गोंड आणि इतरही म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. ब्युटी मोड त्याला डाग समजून पुसट करतो. गोंदण सोबत येतं, बाकी सगळं इथंच राहतं, असं त्या बाया सांगतात. मोबाईल तेच काढून टाकतो.

आणि रंग. हा विषय आला की मी जरा तापतो. स्टुडिओत मुलीचा बायोडाटाचा फोटो काढायला आई येते आणि हळूच म्हणते, "थोडी उजळ करजा भाऊ." मुलगी बाजूला उभी असते, ऐकत असते. मी त्या आईवर चिडत नाही, कारण तिच्यामागे सोयरीक जमवणारा सगळा गाव उभा आहे. पण कॅमेऱ्याचा इतिहासही याला जबाबदार आहे. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना नमुन्याचं एक कार्ड पाठवायची, त्यावर गोरी बाई. तिला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की मशीन बरोबर. सावळ्या माणसाचा चेहरा मग कोळशासारखा छापून यायचा. पुढे यात सुधारणा झाली त्याला एक कारण म्हणजे चॉकलेट आणि फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी! गडद रंग नीट उमटत नाहीत म्हणून. माणसांच्या तक्रारीला तेवढं वजन नव्हतं.

आजचा मोबाईलही पांढऱ्या कापसाच्या वावरात गोंधळतो. एवढं पांढरं बघून तो अख्खा फोटो काळवंडवतो आणि बाईचा चेहरा त्यात बुडतो. उपाय सोपा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कापूस जरा जास्त पांढरा होईल, होऊ द्या. चेहऱ्याचा खरा सावळा रंग येईल, त्यातली चमक येईल. एडिटिंगमध्ये गोरं करून ते येत नाही. त्या मुलीला मी आधी हा फोटो दाखवतो. आईलाही तोच आवडतो, दहातल्या सहा वेळा तरी.

आता 'हो' कशा म्हणतात, याचं राहिलेलं उत्तर. मी दोन परवानग्या वेगळ्या मागतो. काढू का, ही एक. दुसऱ्या कोणाला दाखवू का, ही दुसरी. पहिलीला हो आणि दुसरीला नाही, असं पुष्कळदा होतं, आणि ते फोटो माझ्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. त्यातले दोन-तीन माझ्या सगळ्यात चांगल्या कामातले आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत. सासरा किंवा नवरा आधी "काढा ना, काढा" म्हणतो, त्याला मान द्यायचा, पण हो त्याचं धरायचं नाही. तिच्या तोंडून येईपर्यंत कॅमेरा खाली. घरात दुसरी बाई असल्याशिवाय मी आत बसत नाही. आपण पुरुष आहोत, आपण निघून आल्यावर त्या घरात काय बोललं जाईल ते तिला भोगावं लागतं.

पुरुषानं बायांचे फोटो काढायचे की नाही, हा वाद जुना आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडद्यातल्या बायांसाठी वेगळा जनाना स्टुडिओच काढला होता, तो मिसेस केनी-लेव्हिक नावाची बाई चालवायची. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचंच, म्हणजे आपलाही लांबचा संबंध लागतो म्हणायचा. आज प्रत्येक घरात एका पोरीच्या हातात मोबाईल आहे. मी तांड्यावर किंवा पोडावर गेलो की अशा एका पोरीला शोधतो, वरचं सगळं शिकवतो आणि तिच्या आजीचा फोटो तिलाच काढायला लावतो. आजी तिच्यापुढे जशी बसते तशी माझ्यापुढे बसत नाही.

तरण्या मुलींचं मात्र वेगळं आहे. कितीतरी जणींचा डीपी बघा, गुलाबाचं फूल किंवा बाळकृष्ण. फोटो मॉर्फ होईल ही भीती खरी आहे, आणि घरच्यांचं बोलणं त्याहून जवळचं. अशा वेळी मी चेहरा नसलेला पोर्ट्रेट सुचवतो. स्कूटीच्या हँडलवरचे हात. पाठमोरी, वेणी आणि कॉलेजची बॅग. बोंडाच्या टोकांनी सोललेली बोटं. मैत्रिणी ओळखतात, बाकीचे नाही. तिनं नंतर डिलीट कर म्हटलं तर तिच्यासमोर करा, आणि ट्रॅशमधूनही काढा, कारण तिथे तो बरेच दिवस पडून राहतो. घरी काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोबरोबर तिच्या घराचा पत्ताही पुढे जातो.

शेवटचं काम प्रिंटचं. व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे दिला असं होत नाही, मोबाईल तिचा नसतो, पोराचा असतो. चार बाय सहाची प्रिंट काढा, एका चहाच्या आसपास खर्च येतो. भिंतीवरचा असेल तर आठ बाय बारा, आणि फ्रेमवाल्याला सांगा की फोटो काचेला चिकटू देऊ नको, पावसाळ्यात ओल धरते. मागे नाव, गाव, तारीख लिहा. तिला विचारून, तिला हवं ते नाव. काही जणी माहेरचं सांगतात. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उमटतं.